चौथा खण

पहाटे पाचला धक्क्याच्या फळ्या दवाने निसरड्या असतात.
मी हातपंप घेऊन गुडघ्यांवर बसते
आणि विमानाच्या पायांतलं पाणी काढते.

ऑन्टारिओच्या उत्तरेला डांबरी रस्ता जिथे दम सोडतो
तिथून पुढे तळीच तळी.
पीठ, टपाल, अवघडलेल्या बाया, गॅसच्या टाक्या
सगळं उडत जातं आणि पाण्यावर उतरतं.

पहिल्या दिवशी ऑर्व्हिल कीजिक म्हणाला,
"सायमा, हे विमान तरंगत नाही.
त्याच्या खडावा तरंगतात.
ते नुसतं वर उभं आहे, पोटाला पाणी लागू न देता."

दोन लांब ॲल्युमिनियमच्या खडावा,
प्रत्येकीत सहा खण, खणाखणांत भिंत.
एक फुटला तर बाकीच्यांनी भार उचलायचा.
खणाच्या तोंडाशी रबरी चेंडू, लिंबाएवढा.
चेंडू काढ, नळी घाल, दांडा ओढ, मोज.
पहिला: तीन.
दुसरा: दोन.
तिसरा कोरडा.
चौथा: चौदा.
"कालही चौदाच होते," मी सांगते.
"मग ठीक. गळतं सगळंच. वाढलं की सांग."

जुलैत विनिपेगचा एक दंतवैद्य येतो.
त्याचं विमान म्हणजे पंख फुटलेली होडी.
खडावा नाहीत, काही नाही. सरळ पोट टेकून बसतं,
पाण्यात शिरलेल्या मूससारखं, वरचं अर्धंच दाखवत.
कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांखाली दोन छोटे फुगवटे,
सायकल शिकणाऱ्या पोराच्या जादा चाकांसारखे.
धक्क्याला लागता येत नाही त्याला, पंख आडवा येतो.
तो लांबच नांगर टाकतो,
आणि आम्ही होडी वल्हवत
होडीतल्या माणसाला आणायला जातो.

पाणी कुणाला वजन विचारत नाही.
एवढंच विचारतं: किती सरकू?

तिसरी जात डेल्फिन गोतिएच्या विमानाची.
खडावांतून चाकं निघतात; जमीनही त्याची, तळंही त्याचं.
दोन घरचा पाहुणा.
चाकांचं ओझं वाहतो म्हणून
पिठाची दोन पोती दर खेपेला इथेच ठेवून जातो.

मागच्या ऑगस्टात तो धावपट्टीवरून उडाला
आणि चाकं आत घ्यायची राहिली.
तळं त्या दिवशी इतकं गुळगुळीत
की पाणी कुठे सुरू होतं ते दिसेना.
चाकांनी पाणी पकडलं.
शेपूट वर गेली, आणि मग आवाज,
जो मी अजून कशालाच लावू शकलेली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा खडावा आभाळाकडे,
चाकं वर, एक अजून हळूहळू फिरत होतं,
आणि खाली, हिरव्या अंधारात,
सबंध विमान उलटं लटकलेलं.
बुडालं नव्हतं.
खण शाबूत होते. त्यांना काय,
वर काय आणि खाली काय.
धरून ठेव म्हटलं होतं, धरून ठेवलं.

डेल्फिन एका खडावेवर बसला होता,
एक बूट गेलेला, टपालाची पिशवी मांडीवर.
"हात गेला होता लिव्हरकडे," तो म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने: "शेजारच्या."

पाकिटं आम्ही शेडमध्ये दोरीवर वाळत घातली.
शाई पसरली होती.
ऑर्व्हिल चष्मा कपाळावर सारून
एकेक पत्ता उजेडाला धरत होता:
"हे वळण आयडा मीकिसचं.
हे वीजबिल, कुठेही टाक."

आज चौथ्या खणातून पंधरा निघाले.

मी पुन्हा नळी घातली. पुन्हा मोजलं.
पलीकडच्या काठाला लून एकदाच ओरडला.
ऑर्व्हिलच्या खिडकीत अजून दिवा नाही.
विमान माझ्या खांद्याशी उभं आहे, सात वाजता त्याला जायचंय,
आणि मी चेंडू मुठीत धरून बसले आहे,
ओला, लिंबाएवढा,
अजून बसवला नाही.